कांगोबाचा टिळा

काटेपिंपळच्या आखरावर त्या शनिवारी सकाळी एवढी माणसं जमली होती, की ढोरांना उभं राहायला जागा उरली नव्हती. एरवी गावची जनावरं चरायला निघण्याआधी इथं गोळा व्हायची आणि माणूस म्हणून एकटा गुराखी असायचा. आज मात्र म्हातारेकोतारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, दुधाच्या कॅना लावून वरवट बकालला निघालेले मोटारसायकलवाले, सगळे एका गायीभोवती कोंडाळं करून उभे होते. गाय पोलीस पाटील हिंमतरावांची होती. तिच्या गळ्यात काळी दोरी होती आणि पायांखाली पांढरंशुभ्र धोतर अंथरलेलं होतं.

त्या धोतरावर गोचीड पडले होते. एकदोन नाही, चांगले तेवीस. एरंडीच्या बीएवढे टम्म फुगलेले. पहाटे शेण लोटून धोतर अंथरलं तेव्हा ते कोरं होतं, हे हिंमतरावांनी स्वतः पाहिलं होतं. गायीला औषध नाही, फवारा नाही, कुणी बोटही लावलं नाही. फक्त दोरी बांधली, मंत्र म्हटला आणि दिवस वर येईस्तोवर एकेक गोचीड आपणहून टपकला. ज्या गोचिडांना ओढून काढताना बोटं दुखून येतात, ते असे मुकाट्यानं सुटलेले पाहून गाव अवाक झालं.

"कांगोबाने पुकारा, कीडा हारा," दोरीनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले. महाराजांची भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी आणि उरलेली त्यांची स्वतःची होती. "डॉक्टर बोलते, जानवर बीमार है. बताओ, तुमची गाय बीमार आहे? चारा खाते, दूध देते. मग बीमारी कुठे आहे? बीमारी आहे कांगोबाच्या कोपात!"

मग टिळ्याचा कार्यक्रम झाला. महाराजांचा नवा सेवक, गावातलाच निवृत्ती, पुढे आला. त्यानं धोतरावरून परातीत गोळा केलेला एक गोचीड उचलला, अंगठ्याखाली चिरडला आणि जे काळपट रक्त निघालं त्याचा टिळा समोरच्याच्या कपाळावर ओढला. कोपाचं रक्त कपाळावर घेतलं, की घरात ताप शिरत नाही, असा त्यामागचा हिशेब होता. एका गोचिडात दोन-तीन कपाळं भागत होती. सकाळभरात एकतीस कपाळं लाल झाली. उरलेले गोचीड महाराजांनी आखरावरच्या भेगांमध्ये "विसर्जन" केले.

हा कांगोबा गावात नवा होता. आठवड्यापूर्वी आरोग्य खात्याची जीप भोंगा लावून गेली होती. भोंगा खरखरत होता, वारा सुटला होता आणि गावाच्या कानात एकच शब्द नीट शिरला होता: कांगोबा. जीप गेल्यावर पारावर चर्चा झाली. कानोबा सगळ्यांना ठाऊक, दर श्रावणात घरोघर बसतो. हा कांगोबा कोण? कुणी म्हणालं कानोबाचा थोरला भाऊ असेल. कुणी म्हणालं सातपुड्यातला देव असेल. तीन दिवसांनी दोरीनाथ महाराज गावात उतरले आणि त्यांनी कांगोबाची सगळी वंशावळच सांगितली. आपला अंदाज खरा निघाला, याचाच गावाला जास्त आनंद झाला.

कोंडाळ्याच्या मागच्या रांगेत वच्छलाबाई आपली चंद्री गाय धरून उभ्या होत्या. दोन एकरांत भाजी पिकवणारी आणि ती बाजारात नेऊन विकणारी साठीची बाई. शंका हा त्यांचा स्वभाव होता. दुकानदार तोलायला लागला, की त्या आधी तागडीखाली हात घालून चिंच चिकटवलेली नाही ना ते बघायच्या. सुईवाल्या डॉक्टरला बाटलीवरची तारीख विचारायच्या. सरकारी जीपवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गाव त्यांना माघारी शंकाबाई म्हणायचं आणि त्यांना ते माहीत होतं.

चंद्रीला घेऊन त्या पुढे गेल्या. महाराजांनी आशीर्वाद म्हणून गायीवरून हात फिरवला. वच्छलाबाईंची नजर त्या हाताबरोबर फिरली. हात डोक्यावर गेलाच नाही. कानामागे गेला, शेपटीखाली गेला, कासेजवळ घुटमळला.

"माय, तुझ्या मनात किंतु आहे," महाराज हात पुसत म्हणाले. "तुझ्या गायीला दोरी चालणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आण. त्या दिवशी गावातल्या सगळ्या लेकरांना टिळा लागेल."

सगळे हसले. वच्छलाबाईंचा लेक अविनाश शरमून खाली पाहू लागला. त्यानं लगेच आपल्या मुलीचं, पायलचं नाव टिळ्याच्या यादीत पहिलं लिहवून घेतलं, म्हणजे आईच्या किंतूची भरपाई होईल.

घरी येताना वच्छलाबाईंच्या डोक्यात दोन गोष्टी घोळत होत्या. आशीर्वाद देणारा हात शेपटीखाली काऊन जातो? आणि एकतीस टिळे लागले, निवृत्तीचा अंगठा रक्तानं माखला, मग महाराजांचा अंगठा धुतल्या भांड्यासारखा स्वच्छ कसा? हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं. निवृत्ती तर शेजारीच राहायचा, त्याची बायको कोकिळा त्यांच्याबरोबर बाजाराला यायची. पण आखरावरचं हसू कानात होतं. त्या गप्प बसल्या.

मंगळवारी किराणा दुकानाच्या भिंतीवर आरोग्य खात्याचं पत्रक चिकटलेलं दिसलं. वच्छलाबाईंना अक्षर लावत वाचायला वेळ लागायचा, म्हणून त्यांनी पायलला पुढे केलं. पायल पाचवीत होती आणि घडाघडा वाचायची.

"कांगोबाधित भागातून जनावरे आणू नयेत," पायलनं वाचलं.

"थांब. कांगोबा, अन् पुढं काय हाय?"

"पुढं काई नाई आजी. एकच शब्द हाय. कांगो-बाधित. कांगो म्हंजे तापाचं नाव. त्यानं बाधित झालेला भाग."

वच्छलाबाईंनी तिला तीनदा वाचायला लावलं. मग त्या तिथंच दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. अर्धा शब्द तोडून गावानं देव केला होता आणि त्या अर्ध्या शब्दाची वंशावळ सांगून एक माणूस गावाच्या तुपावर जगत होता. हसणं ओसरल्यावर पायलनं पुढची ओळ वाचली. हा ताप गोचीड चावल्यानं होतो, आणि गोचीड हातानं चिरडल्यानंही होतो. ते ऐकून त्यांनी आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. कारण गोचीड अंगठ्यानं चिरडणं हे काही महाराजांनी शिकवलेलं नव्हतं. सगळं गाव पिढ्यान्पिढ्या तेच करत आलं होतं आणि त्यांनी स्वतः साठ वर्षं केलं होतं.

अर्थात पत्रक सरकारी होतं, त्यामुळे त्यावरही त्यांची शंका होतीच. कुणाचंच ऐकायचं नाही, तर आपणच बघायला हवं. बुधवारी पहाटे त्यांनी गोठा लोटला, दार आतून लावून घेतलं, नवऱ्याचं जुनं धोतर पेटीतून काढलं आणि चंद्रीच्या पायांखाली अंथरलं. दोरी बांधली नाही. मंत्र म्हणायचा प्रश्नच नव्हता. पाटावर बसून त्या नुसत्या बघत राहिल्या.

साडेसहाला पहिला गोचीड पडला. आठ वाजेपर्यंत अकरा पडले होते. शनिवारी चंद्रीच्या कानामागे जे मुगाएवढे होते, तेच चार दिवसांत फुगून आपणहून गळले होते. वच्छलाबाईंचा हात सवयीनं पुढे गेला, अंगठा वाकलाही. मग त्यांनी तो मागे घेतला, चुलीजवळचा चिमटा आणला आणि एकेक गोचीड उचलून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत टाकला. झाकण घट्ट फिरवलं. आपल्याच गोठ्यात, आपल्याच डोळ्यांदेखत, कांगोबाशिवाय चमत्कार झाला होता. पण आखरावरचं हसू अजून कानात होतं, म्हणून बरणी त्यांनी घरातल्या कोनाड्यात लपवली.

शुक्रवारी निवृत्ती तापानं फणफणला. पाठ आणि डोकं फुटतंय म्हणून कण्हायला लागला. महाराज म्हणाले, सेवेत खंड पडला, म्हणून कोप झाला. त्यांनी त्याच्या दंडाला आणखी एक दोरी बांधली. दोन दिवस त्या दोरीत गेले. रविवारी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा कोकिळेनं कुणाला न विचारता जीप बोलावली आणि त्याला खामगावला नेलं.

सोमवारी तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टर सुचिता आल्या, बरोबर आरोग्य खात्याची माणसं. गावानं दारं लावून घेतली आणि जनावरं मळ्यात लपवली. एकट्या वच्छलाबाईंचं दार उघडं होतं, तेही भांडायला.

"माही चंद्री टणटणीत हाय," त्यांनी सुरुवात केली. "मग तिच्यात तापाचा रोग हाय म्हनता, तो कुठून आला?"

"तीच तर खरी अडचण आहे, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "हा विषाणू जनावराच्या रक्तात काही दिवस असतो, पण जनावराला काही होत नाही. ते चारा खातं, दूध देतं. त्याचं रक्त पिऊन गोचीड तो आजार घेतो आणि माणसाला देतो. आजारी माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याला होतो. तुमच्या चंद्रीत आहे की नाही, ते मी नुसतं बघून सांगू शकत नाही. रक्त तपासावं लागेल."

"मंजे तुमालेबी माहीत नाई."

"नाही. म्हणूनच तपासायचं."

हे उत्तर वच्छलाबाईंना आवडलं. मला माहीत नाही असं म्हणणारं माणूस त्यांना फार वर्षांनी भेटलं होतं. त्यांनी कोनाड्यातली बरणी आणून पुढे ठेवली. डॉक्टर आधी दचकल्या, झाकण तपासलं आणि मग कौतुकानं बघत बसल्या. त्यांनी सांगितलं, की गोचिडाची मादी पोट भरेपर्यंत जनावराला चिकटून असते. पोट भरलं, की ती स्वतःच सुटते, बहुतेक सकाळच्या वेळी, आणि भेगेत शिरून अंडी घालते. ओढून निघत नाही ती अर्धपोटी असते. भरलेली आपोआप गळते.

"म्हनून तो शेपटीखाली हात घालते," वच्छलाबाई पुटपुटल्या. सगळं एका क्षणात उलगडलं. महाराज आशीर्वाद देत नव्हते, चाचपत होते. फुगलेले गोचीड हाताला लागले, की त्या गायीला विकतची दोरी. बारके लागले, की मालकाच्या मनात किंतु, दोन आठवड्यांनी ये. पिकलेली काकडी कोणती आणि कोवळी कोणती हे वेलाखाली हात घालून त्या रोज बघत होत्या. त्यांच्याच कामाची पद्धत वापरून हा माणूस त्यांना मूर्ख बनवत होता, याचा त्यांना भयंकर राग आला.

गुरुवारी खामगावहून निरोप आला. निवृत्ती गेला. तपासणीचा अहवालही आला होता आणि त्यात कांगो तापच निघाला होता. महाराज पारावर बसून म्हणाले, की कांगोबानं आपल्या लाडक्या सेवकाला जवळ बोलावलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी लेकरांचा टिळा होता आणि यादीत पायलचं नाव पहिलं होतं.

वच्छलाबाईंनी अविनाशला समजावून पाहिलं. बरणी दाखवली, पत्रक दाखवलं. तो म्हणाला, "आई, तू आजवर कोनावर इस्वास ठेवला?" त्या तडक हिंमतरावांकडे गेल्या. हिंमतराव भाविक होते, पण लबाड नव्हते.

"पाटील, उद्या महाराज पाच गाईले दोरी बांधतीन. तुमच्या कोठ्यातल्या दोन गाई मी निवडतो. त्याईले दोरी नाई बांधायची. खाली धोतर तेवढं टाकायचं. तुमी सोता बसा अन् सोता मोजा."

"अन् काईच नाई पडलं त?"

"त भर आखरावर महाराजाचे पाय धरतो, अन् पायलले मीच टिळ्याले उभी करतो."

वच्छलाबाईंचं तोंड एकदाचं बंद होईल, या आशेनं हिंमतराव तयार झाले. डॉक्टरांनी दिलेले रबरी हातमोजे घालून वच्छलाबाईंनी त्यांच्या गोठ्यातल्या गायी चाचपल्या. कानामागे, शेपटीखाली, कासेजवळ. त्यातल्या दोन निवडल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आखरावर सात धोतरं अंथरलेली होती. पाच गायींच्या गळ्यात काळी दोरी, दोघींचे गळे मोकळे. लेकरं नवे कपडे घालून रांगेत उभी होती. डॉक्टर सुचिता एका कडेला आल्या होत्या. कोकिळाही आली होती, आणि तिच्याकडे बघायची कुणाची हिंमत होत नव्हती.

आठ वाजता हिंमतराव मोजायला वाकले. दोरीवाल्या पहिल्या गायीखाली सतरा होते. दुसरीखाली नऊ. पाचवीखाली तर दोनच. मग ते मोकळ्या गायींकडे गेले. पहिलीखाली एकवीस होते. हिंमतरावांनी परत मोजले. दुसरीखाली चौदा. ते कमरेवर हात देऊन सरळ झाले आणि महाराजांकडे बघत राहिले.

"मंत्राची हवा लागली," महाराज घाईनं म्हणाले. "कांगोबाची कृपा दोरीत मावत नाही."

"हवेनंच भागते त दोरी काऊन इकता?" वच्छलाबाई म्हणाल्या. "बरं, राहू द्या. आता त्या काबऱ्या गाईले बांधा दोरी. तिचे गोचीड अजून बारके हाय. पाडा एक."

महाराजांनी कडेला उभ्या असलेल्या त्या ठिपक्यांच्या गायीकडे पाहिलंही नाही. श्रद्धा, किंतु, कलियुग असं ते बोलत राहिले. तेव्हा वच्छलाबाईंनी पदराखालची बरणी वर धरली. आतले गोचीड सुकून सुरकुतले होते आणि त्यांच्याभोवती खसखशीपेक्षा थोड्या मोठ्या अशा तपकिरी दाण्यांचा ढीग पडला होता.

"हे अंडे हाय. एकीचे हजारानं. हे धोतरावर पडलेले महाराज भेगाईत टाकते, अन् आपन इसर्जन म्हनतो. मी भाजीवाली हाय, मले पेरनी समजते."

माणसं नकळत आखरावरच्या भेगांपासून मागे सरकली. तरी रांगेतलं एकही लेकरू कुणी बाजूला काढलं नाही. चूक कबूल करणं एकट्याला जड जातं, आख्ख्या गावाला तर फारच. वच्छलाबाईंनी हातमोजे घातलेल्या हातानं धोतरावरचा एक गोचीड चिमट्यात धरला आणि महाराजांसमोर नेला.

"येवढं खरं असन, त आज पयला टिळा तुमचा. तुमच्याच आंगठ्यानं, तुमच्याच कपाळाले."

महाराज दोन पावलं मागे सरले. त्यांनी दोन्ही हात कफनीत ओढून घेतले, आणि ते अख्ख्या गावानं पाहिलं. "साधूला टिळा चालत नाही," ते म्हणाले.

"माह्या घरच्याले चालला," कोकिळा म्हणाली.

ती ओरडली नाही. पण आखरावरच्या शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं. रांगेतून पहिला हात अविनाशचा पुढे आला. त्यानं पायलला ओढून घेतलं आणि घट्ट धरून उभा राहिला. मग एकेक आई येऊन आपलं लेकरू घेऊन गेली आणि रांग संपली. महाराज आपल्या गाडीकडे निघाले, तेव्हा हिंमतराव वाट अडवून उभे होते. त्यांनी ठाण्याला फोन केला होता. जादूटोणाविरोधी कायदा पोलीस पाटलांना माहीत होता, फक्त आजवर त्याची आठवण झाली नव्हती.

त्या वर्षी पोळा तोरणाखाली भरला नाही. बैलांनी आपापल्या अंगणातच पुरणपोळी खाल्ली. गोठ्यांमधून औषध फवारलं गेलं, भेगा लिंपल्या गेल्या आणि काळ्या दोऱ्या पेटवल्या. टिळा लावून घेतलेल्या एकतीस माणसांचा ताप आरोग्य खात्याच्या आशाताई रोज मोजत होत्या. दोघांना ताप आला. त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं आणि दोघंही परत आले. म्हणजे निवृत्तीही कदाचित परत येऊ शकला असता.

गावानं वच्छलाबाईंचं कौतुक केलं. शंकाबाई हे नाव आता आदरानं घेतलं जाऊ लागलं. त्यांना मात्र ते ऐकवत नव्हतं. पोळ्याच्या संध्याकाळी त्या कोकिळेच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं. त्याचा हात कुठं फिरतो आणि त्याचा अंगठा कसा कोरा राहतो, हे आपण पहिल्याच शनिवारी पाहिलं होतं. लोक हसतील म्हणून बोललो नाही. कोकिळेनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "आता बोलत जा, मावशी."

तेव्हापासून वच्छलाबाई बोलतात. बाजारात, बचत गटात, शाळेत, बोलावलं नाही तरी. माझ्यावर विश्वास ठेवा असं त्या कुणालाही सांगत नाहीत. कुणी दोरी दाखवली, तर शेजारी एक बिनदोरीची गाय उभी करा, म्हणतात. कुणी मंत्र म्हटला, तर एकदा मंत्राशिवाय होतं का ते बघा. डॉक्टरांनाही विचारा, त्या रागवत नाहीत. आणि शंका आली, तर ती मनात ठेवून घरी जाऊ नका, हसणाऱ्यांना हसू द्या. दुसरं धोतर पहिल्याच शनिवारी अंथरायचं असतं. मी ते चार दिवसांनी अंथरलं, तेही गोठ्याचं दार लावून, आणि तेवढ्या वेळात आमच्या शेजारचा माणूस गेला.